हरण्याचा सत्कार

संयू दुपारी दीडला झोपते आणि तीनच्या आत उठते. मधला वेळ माझा. त्या दिवशी ती नुकतीच डोळे मिटत होती, मी तिला मांडीवर घेऊन थोपटत होते, आणि माझी नणंद अंकिता क्लासवरून येऊन स्वयंपाकाच्या कट्ट्याला टेकून चिवडा खात होती. कट्ट्यावर नवंकोरं पुस्तक उघडं पडलं होतं. ‘भरधाव इंग्रजी’.

“वैनी, लय सोपं दिलंय ह्यात,” ती म्हणाली आणि तोंडात चिवडा असतानाच वाचायला लागली. “वेगानं जाणं सांगायचे इंग्रजी शब्द. एक नंबर. झेंडा पडला तसा हरण्या सुटला. शॉट ऑफ. हरण्या शॉट ऑफ द मोमेंट द फ्लॅग केम डाऊन.”

माझा थोपटणारा हात थांबला. संयूनं डोळे उघडले.

“पुढचं वाच,” मी म्हटलं.

“दोन नंबर. पहिल्या शंभर पावलांत हरण्यानं मुसंडी मारली. सर्ज्ड अहेड. तीन नंबर...”

“वाऱ्यागत गेला,” मी म्हणाले. “टोअर अलाँग. चार नंबर, बाजूनं भर्रकन निघून गेला. व्हिझ्ड पास्ट.”

अंकिता माझ्याकडे बघतच राहिली. “तुमी वाचलंय व्हय हे?”

मी वाचलं नव्हतं. मी लिहिलं होतं.

तिनं पुस्तक माझ्यापुढं धरलं. पान एकतीस. डावीकडं आमचा शब्द, उजवीकडं इंग्रजी, खाली वाक्य. माझ्या वहीत होतं तसंच, त्याच क्रमानं. फक्त चित्रं नवी होती. हाफ चड्डी घातलेला, भांग पाडलेला, छातीवर पाच नंबरची पट्टी लावलेला एक गोरा मुलगा पळत होता. चित्राखाली नाव छापलं होतं, हरण्या.

हरण्या आमचा बैल आहे.

माझं माहेर वडूजच्या अलीकडं, खटावच्या माळावर. बंद पडलेल्या बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या, त्या वर्षी आमच्या आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लालासाहेबांनी, हरण्याला पहिल्यांदा मैदानात उतरवलं. मैदानात बैलगाड्यांना पळायला शेजारी शेजारी वाटा आखलेल्या असतात, त्यांना तास म्हणतात. चिठ्ठी निघाली पाचव्या तासाची. हरण्या आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या गावचा राज्या. झेंडा पडला आणि आम्ही नीट बघेपर्यंत तो शेवटच्या निशाणाच्या पार गेलाही होता. घरी आल्यावर आईनं त्याच्या पायांवर पाणी घातलं, हळद लावली, ओवाळलं. आण्णा मात्र गोठ्यात उकिडवे बसून ती शर्यत आठवडाभर सांगत होते. कसा सुटला, कुठं रेटलं, कुठं झेपावला. प्रत्येक वळणाला त्यांच्याकडं वेगळा शब्द.

मी तेव्हा बी. ए. होऊन वडूजला विश्वजीत सरांच्या इंग्रजी क्लासला जात होते. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं, रन ऑफ, डॅश ऑफ, टेक ऑफ, स्पीड अप. पाठ करा म्हणाले. पाठ होईना. रन म्हणजे पळणं, मग मागं हे ऑफ कशाला, अप कशाला? एका संध्याकाळी मी गोठ्यात बसून तेच कुरकुरत होते.

“टेक म्हंजी काय?” आण्णांनी विचारलं. हातानं ते हरण्याची पाठ चोळत होते.

“घेणं.”

“आन टेक ऑफ?”

“झेप घेऊन निघणं. त्या ऑफचा आन घेण्याचा काय संबंध आण्णा?”

आण्णांचा हात हरण्याच्या शेपटापर्यंत गेला. मग म्हणाले, “ते शेपूट आसंल. नुसतं धड बघून बैल कुठं वळनार कळत न्हाई. शेपूट बघायचं. तुजं ते ऑफ न् अप, ती शेपटं हायत. शेपूट वर, म्हंजी येग वाढला. शेपूट बाजूला, म्हंजी निघाला सुटून.”

त्या संध्याकाळपासून मी वही लिहायला घेतली. आण्णा मराठी शब्द सांगायचे, मी त्याचं इंग्रजी हुडकायचे, आणि वाक्य हरण्याच्या शर्यतीचं करायचे. एकशे बारा शब्द झाले. झेंड्यापासून निशाणापर्यंत, तिथून घरी येऊन हळद लावेपर्यंत. पहिल्या पानावर लिहिलं, शेपूट ओळखा म्हणजे इंग्रजी कळेल.

त्या वहीत बैल हा शब्द मात्र एकदाही लिहिला नाही. त्याला कारण होतं. मायणीकडच्या एका मुलीनं क्लासमध्ये उठून सांगितलं होतं की तिचा रविवार बैलांच्या शर्यतीत गेला, तेव्हा सर नाकाला रुमाल लावून म्हणाले होते, “खिडकी उघडा रे, शेणाचा वास यायला लागला.” सगळा वर्ग हसला होता. मीही हसले होते. तेव्हा मी नुसती नावं लिहिली, हरण्या आणि राज्या, आणि शर्यत कसली ते सांगितलंच नाही. माझ्या बैलाची मलाच लाज वाटली होती.

सरांनी वही बघायला मागून घेतली. महिन्यानं विचारलं तर म्हणाले, “गठ्ठ्यात कुठंतरी गहाळ झाली. एवढं काय त्यात?” मग माझं लग्न ठरलं, क्लास सुटला, मी इकडं कडेगावला आले. वही गेली ती गेलीच, असं समजून चालले होते.

आता संयू दहा महिन्यांची आहे आणि सरांच्या नावावर वहीची तिसरी आवृत्ती निघते आहे.

दुसऱ्याच दिवशी संयूला काखोटीला मारून मी सरांच्या कडेगावच्या नव्या शाखेत गेले. भांडायला नाही. तेव्हा मला खरंच वाटत होतं की त्यांनी ओळखलं, चूक झाली म्हटलं, तर मी परत येईन.

त्यांनी मला ओळखलं नाही. वहीचं सांगितल्यावर मात्र खुर्चीत मागं रेलले. “हे बघा ताई, शेकडो मुलं मला नोट्स दाखवतात. शब्द डिक्शनरीतले आहेत. भाषा काय तुमच्या बापाची आहे?”

मग संयू कुरकुरली म्हणून त्यांनी खणातलं एक चॉकलेट काढून तिच्या मुठीत कोंबलं. “जा, बाळाला ऊन लागेल.”

दात न आलेल्या लेकराच्या हातात चॉकलेट. मी ते तिच्या मुठीतून काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं. संयू रस्ताभर रडली. मी रडले नाही. मला वाटतं रागही तान्ह्या बाळासारखा असतो. दर दोन तासांनी उठतो, आणि पाजल्याशिवाय झोपत नाही. पुढचे बारा दिवस मी दोघांनाही वेळच्या वेळी पाजलं.

माझे मिस्टर जयराज सैन्यात. फोनवर म्हणाले, “पुरावा काय हाय तुज्याकडं? वही हाय का?”

“न्हाई.”

“मग सोड की. लेकराकडं ध्यान दे.”

“लेकराकडं ध्यान हायच. सोडनार मात्र न्हाई.”

पुरावा मला सरांनीच दिला. अंकिताच्या मोबाइलवर त्यांचे छोटे व्हिडिओ यायचे. एका व्हिडिओत ते हात हलवत सांगत होते, “शेपूट पकडा, इंग्रजी पकडा! ही कल्पना मला पुण्यात, अभ्यास करताना सुचली.” आण्णांचं शेपूट पुण्याला जाऊन आलं होतं. खाली कुणीतरी विचारलं होतं, सर, हा हरण्या कोण? आणि पुढच्या व्हिडिओत सरांनी उत्तर दिलं होतं. आवाज जड करून.

“हरण्या हा माझा लाडका विद्यार्थी. गरीब घरचा. पळण्यात एक नंबर. आज तो सैन्यात आहे, देशाची सेवा करतो आहे.”

मी तो व्हिडिओ तीनदा ऐकला. चौथ्यांदा आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ऐकवला. त्या लसूण सोलत होत्या. त्यांनी दोनदा माझ्याकडं बघितलं आणि मग पदरात तोंड घालून एवढ्या हसल्या की संयूही त्यांच्याकडं बघून हसायला लागली.

“अगं, मग ह्या मास्तराला हरण्या दावायला नगो व्हय?” आत्या म्हणाल्या.

मला नेमकं तेच हवं होतं. वहीत बैल हा शब्द मी लाजेनं लिहिला नव्हता. त्या लाजेतच सरांचा पाय अडकला होता. आता फक्त दोरी ओढायची होती.

शाखेचं रीतसर उद्घाटन आणि तिसऱ्या आवृत्तीचं प्रकाशन येत्या रविवारी मंगल कार्यालयात होतं. पत्रिकेवर निवेदक म्हणून नाव होतं नानासोंचं. नानासो म्हणजे आमच्या भागातला मैदानावरचा आवाज. शर्यतीचं समालोचन त्यांनी करायचं हे ठरलेलं, आणि मैदान नसेल त्या दिवशी साखरपुडे, वाढदिवस, उद्घाटनं. हरण्या पहिल्यांदा सुटला तेव्हा माईकवर तेच होते. मी त्यांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

पलीकडची सनई एकदम लांब गेली. नानासो माईक सोडून बाहेर आले होते.

“काका?”

“ऐकतोय पोरी. मला काय म्हनला तो मास्तर, म्हाईत हाय? आवाज चढवा, पन गावंढळ बोलू नका. आन आत हरण्याला चड्डी घालून बसलाय व्हय ह्यो?”

“काका, मला भांडन नगो. सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडनं यायला पायजे, वही कुनाची ते. आण्णांचं नाव घ्यायला पायजे.”

“घेतंय की. तू फकस्त हरण्याला न्हाऊ घाल.”

त्यांनी मैदानाच्या ग्रुपवर एवढंच टाकलं, ‘रविवारी सकाळी अकराला कडेगावात हरण्याचा सत्कार. सर्व गाडामालक, चालक, शौकिनांनी यावे.’ आण्णांना मी फोन करून हरण्याला घेऊन या म्हटलं. कशाला ते त्यांनी विचारलं नाही. बैलाचा सत्कार म्हटल्यावर त्यांना दुसरं काय विचारायचं सुचणार?

रविवारी पुढच्या चार रांगांत क्लासची मुलं आणि त्यांचे आईबाप. मागं पाचव्या रांगेपासून भिंतीपर्यंत फेटे, टोप्या, गळ्यात शिट्ट्या. सर मंचावरून एवढी गर्दी बघून फुलून गेले होते. मी मधल्या वाटेच्या कडेला बसले होते. मांडीवर संयू, शेजारी अंकिता, पलीकडं आत्या. आण्णा बाहेर हरण्यापाशी होते, आत यायला तयार नव्हते. “त्याला एकटं सोडून कसं यिऊ?”

मी सारखी दाराकडं बघत होते. संयूनं माझं मंगळसूत्र तोंडात घातलं होतं आणि ती ते शांतपणे चघळत होती. तिच्याकडं बघून मला धीर आला.

दीप लागला, हार झाले, प्रकाशन झालं. मग नानासोंनी माईक घेतला. “मंडळी, आता सरांशी दोन गोष्टी. सर, पुस्तक म्या चाळलं. इंग्रजी आपल्याला जमत न्हाई, पन एकतीस पानावर काळीज थांबलं बघा. ह्यो हरण्या. कोन वो ह्यो?”

मागच्या रांगांत कुणीतरी शिट्टी मारली. सर हसले.

“हरण्या म्हणजे माझ्या शिकवण्याचं फळ. माझा विद्यार्थी.”

“कुठल्या गावचा?”

“वडूज भागातला. परिस्थिती फार बिकट. अनवाणी यायचा क्लासला.”

“अनवाणी,” नानासो म्हणाले. “खरं हाय. म्या सोता बगितलाय. पायात कायबी न्हवतं.”

हशा पिकायला लागला होता, पण सरांना तो कौतुकाचा वाटला. त्यांचा आवाज चढला. “शब्द डोक्यात राहायचे नाहीत त्याच्या. मी त्याला म्हटलं, हरण्या, शेपूट पकड!”

मागच्या रांगेत एक म्हातारा गाडामालक खुर्चीवरून घसरलाच. नानासोंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मैदानात झेंडा पडायच्या आधी करतात तसं.

“आज कुठं असतो हरण्या?”

“सैन्यात. सीमेवर. सुट्टी मिळाली असती तर आज नक्की आला असता इथं, माझ्या पाया पडायला.”

“आलाय की सर,” नानासो म्हणाले. “भायेर हुबा हाय. फरशीला बुजतोय म्हनून आत येत न्हाई.”

दोन्ही दारं उघडली गेली. बाहेर उन्हात, पिकअपच्या शेजारी, अंगावर लाल झूल, शिंगांना गोंडे, कपाळाला हळद, हरण्या उभा होता. त्यानं एकदा आत बघितलं आणि नाकातून जोरात हवा सोडली. त्याच्या कासऱ्याला धरून उभे असलेले आण्णा आत एवढी माणसं आपल्याकडंच का बघतात ते न कळून टोपी सारखी करत होते.

जे हसू फुटलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्यांचे आवाज. पुढच्या रांगेतले आईबापसुद्धा हसत होते. मंचावर सरांच्या चेहऱ्यावर अजून मघाचं हसू तसंच राहिलं होतं, उतरायचं विसरलेलं.

“हा... हा योगायोग आहे,” ते म्हणाले. “एका नावाचे अनेक असतात.”

“बरोबर,” नानासो म्हणाले. “मग असं करू. पुस्तक कुनाकडं हाय? अंकिता, तू उघड पोरी. बाकी कुनी उघडायचं न्हाई. लालासाहेब, तुमी तितनं दारातनंच बोला. शिवांजली, हुबी ऱ्हा. सर, तुमीबी. अठरा नंबर!”

मी उठले. संयूला खांद्यावर घेतलं. आण्णांना काही कळलेलं नव्हतं, पण वहीतले आकडे त्यांना शर्यतीसारखेच पाठ होते. ते दारातून म्हणाले, “अठरा? मदी राज्या जरा मागं पडत व्हता. हरण्यानं त्याला वडून संगं आनला.”

“पुल्ड अलाँग,” मी म्हणाले. “हरण्या पुल्ड राज्या अलाँग.”

“बरोबर!” अंकिता ओरडली.

“सर?” नानासोंनी माईक त्यांच्यापुढं धरला. सरांनी तो हातानं बाजूला सारला.

“एकेचाळीस!”

“शेजारच्या तासातनं चार नंबरच्या गाडीनं आमाला गाठलं,” आण्णा म्हणाले.

“कॉट अप.”

“बरोबर!”

“शंभर!”

“निशान आलं, तरी ह्यो थांबंना. तसाच सुसाट फुडं.”

“झूम्ड ऑन.”

“आन एकशे बारा? शेवटचा?”

आण्णांनी हरण्याच्या मानेवर हात ठेवला. “एकशे बाराला पळनं न्हाई. घरी आला. हिच्या आयनं पायावर पानी घातलं.”

सरांच्या पुस्तकात शेवटच्या पानावर हेच वाक्य होतं. चित्रात एक आई आपल्या चड्डीतल्या मुलाच्या पायावर पाणी घालत होती.

आता कुणी हसत नव्हतं. चार रांगांतले आईबाप पुस्तक बघत होते, मग सरांकडं बघत होते. सर मंचावरून खाली उतरले आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “शिवांजली ना तुम्ही? आठवलं मला. पुढच्या आवृत्तीत ऋणनिर्देश करतो. तुमचा, वडिलांचाही. आता प्रकरण वाढवू नका.”

नाव आठवलं होतं म्हणे. बारा दिवसांपूर्वी बाळाला ऊन लागत होतं.

“पुढच्या नको, सर. ह्याच,” मी म्हटलं. “तिथं टेबलावर दोनशे प्रती आहेत. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर लिहा. तुमच्या हातानं. ‘ही वही शिवांजलीची. शब्द आणि शेपटाची गोष्ट लालासाहेबांची. हरण्या त्यांचा बैल.’ खाली सही.”

“दोनशे?”

“एकशे बारा मी लिहिले होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, एवढं काय त्यात.”

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. दाराशी गाडामालक उभे होते. कुणी त्यांना अडवलं नव्हतं, हात लावला नव्हता. पण दारात हरण्या होता, आणि त्याच्या बाजूनं निघून जायचं म्हणजे सगळ्यांच्या देखत त्याला वाट मागायची. सर टेबलाशी जाऊन बसले. नानासोंनी त्यांना पेन दिलं, आणि पुस्तकांसाठी रांग लावायची घोषणा केली. मैदानाच्या आवाजात.

मी त्यांच्या समोर खुर्ची घेतली. संयूला भूक लागली होती. पदराखाली घेऊन तिला पाजायला लागले आणि एकेक प्रत बघत राहिले. पहिल्या पाचसहा प्रतींत त्यांनी बैल शब्द गाळला. मी त्या परत सरकवल्या. “राहिला शब्द. माझाही राहिला होता, म्हणून सांगते.”

विसाव्या प्रतीला त्यांचं अक्षर वाकडं झालं. चाळिसाव्याला त्यांनी बोटं मोडली. पन्नासाव्याला पाणी मागितलं. अंकितानं आणून दिलं.

“लेकराची आई आहात,” ते मान वर न करता म्हणाले. “थोडी दया ठेवावी माणसानं.”

मला दया आली का, ते मी मनात खरंच चाचपून बघितलं. पदराखाली संयूची इवलीशी मूठ माझ्या बोटाला धरून होती. त्याच मुठीत त्यांनी चॉकलेट कोंबलं होतं.

“स्पीड अप, सर,” मी म्हटलं. “शेपूट वर.”

मागं आत्या फिसकन हसल्या.

सत्तराव्या प्रतीच्या सुमारास आण्णा दारातून वाकून बघायला आले. हरण्याचा कासरा त्यांनी नानासोंकडं दिला होता. ते टेबलाजवळ आले, एक पुस्तक उचललं, आपलं नाव बोटानं चाचपलं. मग सरांच्या वाकलेल्या मानेकडं बघितलं आणि माझ्या कानाशी आले. “शिवे, बास की आता. मान्सानं कबूल केलं. बैल उनात हाय.”

आण्णांचं मन असंच आहे. हरण्याच्या मागं पडलेल्या गाडीच्या बैलांनाही ते पाणी दाखवायला जातात.

“सावलीला बांधा त्याला, आण्णा,” मी म्हणाले. “आजून एकशे तीस हायत.”

त्यांनी पुस्तक परत टेबलावर ठेवलं. मग त्यांनी हात पुढं केले. पोट भरून संयू गुंगली होती. मी तिला त्यांच्याकडं दिली. आपल्या खरखरीत हातांनी तिचं डोकं सावरत ते बाहेर झाडाखाली गेले, हरण्याजवळ. दारातून मला तिघं दिसत होते. आण्णा तिला हरण्याच्या कपाळाशी धरून काहीतरी सांगत होते. ओठांवरून मला कळत होतं काय ते. झेंडा पडला. सुटला.

मी वळले आणि पुढची प्रत सरांच्या समोर सरकवली.